गोधडी मागितली तर

आमच्या घरमालकांनी जन्मभर पोरांना भूगोल शिकवला आणि त्या जन्मात जालना जिल्हा जेमतेम ओलांडला. असं कुणी म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "संभाजीनगरला बोर्डाचे पेपर तपासायला गेल्तो की," असं ते लगेच सुनवायचे. गंगेच्या उपनद्या ते डोळे मिटून म्हणून दाखवायचे, उजव्या तीराच्या वेगळ्या आणि डाव्या तीराच्या वेगळ्या. पण डोळ्यांनी पाहिलेल्या नद्या दोनच. एक बहिणीच्या गावाकडून पुढं गेलं की पुलावरून दिसणारी गोदावरी आणि दुसरी आमची कुंडलिका. कुंडलिकेला नदी म्हणायला जालन्याच्या माणसालाही जरा मन मोठं करावं लागतं.

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींमागच्या एका बोळात त्यांचं घर होतं आणि वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचे. मी बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत कामाला होते. ट्रेमध्ये बी पेरायचं, किती उगवलं ते बघायचं आणि सारखं तापमान तपासायचं. हे कळलं त्या दिवसापासून सर मला हवामान खातं म्हणायला लागले. "काय म्हणतं हवामान खातं?" हे त्यांचं रोजचं स्वागत. घरात त्यांचा पोशाख बनियन, पायजमा आणि डोक्यावर ओला पंचा. हातात शाळेतली छडी. ती ते पोरांसाठी नाही, नकाशासाठी वापरत आले होते, आणि आता नकाशा नसताना भिंतीवरची पाल, वरणाचं पातेलं, माझा बदललेला चष्मा, जे असेल ते छडीनं दाखवायचे.

घराचा त्यांनी भूगोल करून टाकला होता. स्वयंपाकघर म्हणजे सहारा. जिना म्हणजे खंडाळ्याचा घाट. नळाला पाणी आलं की न्हाणीघर चेरापुंजी, एरवी थरचं वाळवंट, आणि ते थरच जास्त असायचं. माझ्या खोलीवर पत्रे होते, एप्रिलमध्ये तिथं पापड भिंतीला टेकवून वाळले असते. तिचं नाव काश्मीर. भाड्याची खोली दाखवताना त्यांनी मला अगदी गंभीर तोंडानं सांगितलं होतं, "काश्मीर रिकामं हाये. बघून घ्या."

निवृत्तीनंतर माणसं जमीन घेतात, सोनं घेतात. सरांनी गाडी घेतली. लग्नात वाजवणाऱ्या एका बँड पार्टीची जुनी, लांबुळकी प्रवासी गाडी. आत लाल रेक्झिन, जागोजागी आरसे, टपावर भोंग्याचे खिळे. सरांनी आतली बाकं काढून एक पलंग, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. घरासकट देश बघायचा, असा बेत होता. शाळेनं टाकून दिलेला भारताचा कापडी नकाशा त्यांनी ड्रायव्हरच्या मागं पडदा म्हणून लावला. गाडीत एसी होता. बँडवाल्यांनी तो नवरदेवासाठी लावून घेतला होता, पण बिचारे नवरदेव घोड्यावर बसत राहिले आणि एसी गंजत राहिला. शिवाय वायरिंगची अशी काही गुंतागुंत होती की एसी चालू केला की टपावरची लाल-हिरवी दिव्यांची माळ पेटायची. एसी बंद, माळ बंद. ती वायर शेवटपर्यंत कुणाला सापडली नाही.

खरी अडचण सरांच्या पत्नी, म्हणजे काकू होत्या. काकूंना उन्हाचं भय होतं आणि त्याला कारणही होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात सर त्यांना उघड्या जीपमधून भोकरदनला एका लग्नाला घेऊन गेले. मांडवात पोचल्या पोचल्या काकूंना ऊन लागलं, त्या नवीन शालूसकट खाली बसल्या आणि बायकांनी त्यांच्या तळपायांना कांदा चोळायला घेतला. तेवढ्यात मुहूर्त झाला. सगळ्यांनी नवरानवरीवर अक्षता टाकल्या, त्यातल्या अर्ध्या काकूंवर पडल्या. "लगीन त्यांचं अन् कांदा मला," असं त्या अजून सांगायच्या. तेव्हापासून पाडवा ते मृग या काळात काकू जुन्या जालन्याच्या बाहेर पाऊल टाकत नसत. धावड्याला त्यांचं माहेर. म्हातारी आई दर वर्षी आंब्याच्या दिवसांत फोन करून बोलवायची आणि काकू दर वर्षी फोनवर रडून घ्यायच्या.

मी एकदा साधा उपाय सुचवला. "सर, हिवाळ्यात जा ना फिरायला."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "शाळा चालू असताना?"

शाळा सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती, पण सुट्टी म्हणजे मे महिना, हे त्यांच्या हाडांत मुरलं होतं. मे महिन्यातच जायचं, तर गाडी थंड करायला हवी. एवढ्यासाठी ते इरेला पेटले.

सरांचं एक तत्त्व होतं. "उष्णता म्हणजे पाहुणा. दारात अडवला तर अडवला. एकदा बाजंवर टेकला की जेवल्याबिगर उठत न्हाई." या पाहुण्याला अडवण्यासाठी त्यांनी पहिल्यांदा टपाला चुना फासला. आपल्याकडे पत्र्यांना फासतात तसाच, दोन हात. पांढरं टप उन्हात चमकायचं, आणि बोळातली सगळी कबुतरं तिथं भरायला लागली. मग काचांना चंदेरी कागद लावला. त्यावरचं ऊन समोरच्या आडत दुकानदाराच्या डोळ्यांवर जायचं, तो दुपारभर गॉगल लावून ज्वारी मोजायचा. मग दारांच्या फटींत सायकलची ट्यूब कापून बसवली. त्यानंतर दार उघडायला दोघं लागायचे, एक आतून ढकलणारा आणि एक बाहेरून ओढणारा. बहुतेक वेळा बाहेरची मी.

एसीचं मशीन त्यांनी बाजारातल्या एका मेकॅनिककडे नेलं. मीही सोबत होते, कारण थर्मामीटर माझा होता. मेकॅनिकनं पुढची जाळी उघडली आणि आतून एक जाड पांढरा थर सोलून काढला. कापसाचे तंतू होते. बँडवाल्यांची गाडी वर्षानुवर्षं कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या भिंतीला लागून उभी असायची.

"सर, गाडी घेतली का जिनिंग घेतली?" मेकॅनिक म्हणाला. "ह्यातून हवा कशी जाईन?"

त्यानं जाळी धुतली, गॅस भरला, पट्टा बदलला. "आता बिलकुल बराबर. फक्त काचा बंद ठेवत जा."

सर त्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी मेकॅनिकला हिमनदी कशी तयार होते ते समजावून सांगितलं. तोही बिचारा पाना हातात धरून ऐकत बसला.

पण गाडी काही गार होईना. आधी भट्टी होती, आता नुसती उकडहंडी झाली. मी मागं बसून थर्मामीटर वाचायचे, सर पुढून विचारायचे, "काय म्हणतं हवामान खातं?" आणि मी म्हणायचे, "सर, जालना." थोडं उतरलं तर "भोकरदन." माझ्या तोंडून महाबळेश्वर ऐकायला ते आसुसलेले असायचे, पण खोटं किती बोलणार.

आता त्या गाडीतल्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं. टपाला मागच्या बाजूला एक चौकोनी भोक होतं. भोंग्याच्या वायरी वर न्यायला बँडवाल्यांनी ते कापलेलं. सरांनी त्याला जाळी लावली, बिजागरीचं झाकण बसवलं आणि त्याचा झरोका केला. गाडीत कुणी बसलं की पहिलं काम म्हणजे झरोका उघडायचा. "हवा यायला जागा, तशी जायला जागा पाहिजे," सर म्हणायचे. हे जालन्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. इथं घरोघरी कूलर. कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, नाहीतर घर दमटतं आणि जीव गुदमरतो, हे पोराला बोलता येण्याआधी कळतं. मीही कूलरच्याच घरात वाढले. मेकॅनिकनं काचा बंद ठेवायला सांगितल्या, आम्ही इमानानं काचा बंद ठेवल्या. झरोक्याला काच नव्हतीच.

शेवटी सरांनी टपाला आतून अस्तर लावायचं ठरवलं. आधी थर्माकोल लावला. तो रस्ताभर असा कुरकुरायचा की दात शिवशिवायचे. मग गोणपाट लावलं, त्यात उंदरानं संसार थाटला. दिवाळी झाल्यावर मात्र एका रविवारी सरांनी दार आतून लावून घेतलं, कुणालाही जवळ येऊ दिलं नाही आणि संध्याकाळी बाहेर आले ते छाती पुढं काढून. वर नवं प्लायवूड, चकचकीत स्क्रू.

"आत काय घातलं सर?"

"देशी माल," ते म्हणाले. "थरावर थर. विषय संपला."

त्याच दिवाळीत घरात एक भानगड झाली होती. भाऊबीजेला सरांची बहीण, काकूंच्या वन्सं, वडीगोद्रीहून आल्या. हायवेला त्यांचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे, बाई मोठ्या हौशी आणि बोलघेवड्या. त्या परत गेल्या आणि थंडी पडल्यावर काकूंनी पेटी उघडली तर गोधड्या गायब. एक-दोन नाही, सगळ्या. त्यांत आईनं शिवलेली, लग्नातल्या हिरव्या लुगड्याचे काठ लावलेली गोधडी होती. काकूंनी बाळंतपणं त्या गोधडीत काढली होती. संशय कुणावर, हे सांगायला नको. वन्संनीच भाऊबीजेला म्हटलं होतं, "वहिनी, काय ऊबदार गोधड्या हायेत ओ तुमच्या." झालं. काकूंनी संक्रांतीला तिळगूळ पाठवला नाही, वन्संचे फोन उचलले नाहीत. मी सरांना एकदा म्हटलं, "सर, तुम्ही मध्ये पडा ना." सर छडीनं दूरचा काहीतरी ढग दाखवून निघून गेले. त्या हिवाळ्यात आम्ही सगळे सोलापुरी चादरीत कुडकुडलो.

पाडव्याला श्रीखंड खाताना सरांनी पुन्हा विषय काढला. कन्याकुमारी. तीन समुद्र एका ठिकाणी, तीन रंगांची वाळू. पोरांना शिकवून शिकवून घसा बसला, एकदा पायांनी बघू द्या. काकूंनी वाटी खाली ठेवली.

"ऐका आता," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात, भर दुपारी, मला धावड्याला न्या. वाटंत मी तोंडानं गोधडी मागितली, तर तुमच्यासंगं जिथं म्हणान तिथं येईन. कन्याकुमारी, न्हाई तर त्याच्या पल्याड. अन् न्हाई मागितली, तर गाडी भंगारात. भट्टीत जाऊ द्या तिला, सळया होऊ द्या."

जालन्यात ही नुसती बोलायची गोष्ट नाही. इथल्या स्टीलच्या कारखान्यांत देशभरातलं भंगार वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. सरांचा चेहरा उतरला. त्यांच्या कन्याकुमारीच्या सळया होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये पडल्या असत्या. पण मास्तर माणूस, शब्दाला मागं हटणार नाही. "ठरलं," ते म्हणाले. "हवामान खातं साक्षीदार."

म्हणून मे महिन्यातल्या त्या दुपारी मी रजा टाकून गाडीत होते. सर पुढं, डोक्यावर ओला पंचा. मागं नकाशाच्या पडद्याआड काकू, मी, थर्मामीटर आणि काकूंच्या आईसाठी कुरडया-पापडांची एक मोठी पाटी. सरांनी झरोका उघडला, एसी चालू केला, टपावरची माळ पेटली आणि आम्ही निघालो. गार हवा सगळी मागं, पडद्याच्या आत. पुढं सरांच्या वाट्याला इंजिनाची ऊब आणि समोरच्या काचेतून येणारं ऊन. त्यांची तक्रार नव्हती. ते पंचा पिळून पुन्हा डोक्यावर टाकायचे आणि ओरडायचे, "काय म्हणतं हवामान खातं?"

"जालना, सर."

काकू पदरानं वारा घेत होत्या. तोंडावर विजयाचं बारीक हसू होतं.

भोकरदनच्या अलीकडं एका लग्नाच्या वरातीनं आम्हाला अडवलं. टपावरची माळ बघून पोरांना वाटलं बँड आला. दोघं बॉनेटपुढं नाचायला लागले. "काका, वाजवा ना काहीतरी." सरांनी काच जरा खाली करून सांगितलं, "आम्ही वाजवत न्हाई. आम्ही गार करून राह्यलो." तरी सोडेनात. शेवटी सरांनी हॉर्नवर कसाबसा ठेका धरला, पोरं दोन मिनिटं मनसोक्त नाचली आणि मग वाट मिळाली. काकू पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मला वाटतं, इतकं त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

भोकरदन सोडलं आणि पुढं रस्त्याचं काम निघालं. खडी, मुरूम, डंपर. त्यात एक वावटळ उठली आणि झरोक्यातून भसकन धुरळा आत आला, थेट कुरडयांच्या पाटीवर.

"माझ्या कुरडया," काकू म्हणाल्या आणि उठल्या. पलंगावर चढून त्यांनी झरोक्याचं झाकण ओढलं, ते बसेना म्हणून शेगडीजवळचा उलथना घेऊन कडीत अडकवला आणि वरून पिशवी कोंबली. पडद्यामुळे सरांना काही दिसलं नाही. काकूंनी मला बोटानं गप्प राहायला सांगितलं. झरोका बंद केलेला सरांना खपत नसे.

आम्ही गुदमरायची वाट बघत बसलो. गुदमरलो नाही. थोड्या वेळानं काकूंचा पदर वारा घ्यायचा थांबला. मग तो खांद्यावरून पुढं आला. मग दोन्ही खांद्यांवरून आला. मी थर्मामीटरकडे बघितलं, पुसला, पुन्हा बघितला. पारा घाट उतरावा तसा उतरत होता. काकूंनी पाय वर घेतले, पातळात गुंडाळले. त्यांच्या हातांवर काटा आला होता. माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं तशी त्यांनी हात पदराखाली घेतले.

"काय म्हणतं हवामान खातं?" पुढून आवाज आला. तो आता थकलेला होता.

काकूंनी डोळे वटारले. मी साक्षीदार. मी म्हणाले, "महाबळेश्वर, सर."

सरांना थट्टा वाटली असावी. गाडी चालत राहिली, अजिंठ्याचे डोंगर दिसायला लागले, धावडा आता फार लांब नव्हतं. काकूंनी दात आवळून धरले होते. आणखी थोडं निभावलं असतं तर गाडी भट्टीत गेली असती आणि त्या जन्मभर घरात राहायला मोकळ्या झाल्या असत्या. मी पडदा किंचित बाजूला केला. सरांच्या पाठीवरचा सदरा ओलाचिंब होता, पंचा वाळून कडक झाला होता आणि ते एका हातानं डोळ्यांत गेलेला घाम पुसत होते. काकूंनीही बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "गोधडी द्या."

गाडी रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली. सर मागं आले. मी आतून दार ढकललं, त्यांनी बाहेरून ओढलं, तशी बाहेरची झळ आत आली आणि आतला गारवा त्यांच्या तोंडावर गेला. त्यांनी वर बघितलं. "झरोका बंद? गुदमराल ना."

"गुदमरले असते तर गोधडी काहून मागितली असती?"

सरांनी झरोक्याकडे बघितलं, एसीकडे बघितलं, मग पुन्हा झरोक्याकडे. इतक्या दिवसांचा चुना, चांदी, ट्यूब, गॅस, सगळं त्या भोकातून वर आभाळात जात होतं हे त्यांना समजलं. ते मोठ्यानं हसायला लागले. मीही हसायला लागले. त्यांनी झटकन सोलापुरी चादर काढून काकूंपुढं धरली.

"चादर न्हाई," काकू म्हणाल्या. "गोधडी म्हटलं मी. कबूल काय झाल्तं? गोधडी मागितली, तर गोधडी पाहिजे. न्हाई दिली तर मी हरले कशी?"

"अगं, पण..."

"माझ्या तर चोरीला गेल्या. तुम्ही आणा कुठून तरी."

सर उभे राहिले. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टपाकडे, आणि मग खाली वाकून पलंगाखालची पेटी ओढली आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ते पलंगावर चढले आणि एकेक चकचकीत स्क्रू काढायला लागले. काकू बघत होत्या. प्लायवूडचा एक कोपरा खाली आला आणि त्यामागून, घडी घातलेली, थरावर थर, हिरव्या काठांची गोधडी काकूंच्या मांडीवर पडली.

डंपर गेला, त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

काकूंनी गोधडी उलगडली. काठावरून हात फिरवला. मग अंगावर घेतली, नीट, खांद्यावरून पायांपर्यंत. सर अजून पलंगावरच उभे होते, टपाला डोकं लागल्यामुळे मान वाकवून, वर्गात खोडी सापडलेल्या पोरासारखे.

"पुढं कन्याकुमारीला जायचं ना?" काकू म्हणाल्या.

"जाऊ," सर हळूच म्हणाले.

"मंग पहिला मुक्काम वडीगोद्री. वन्संच्या पाया पडायचं. तुम्ही बी अन् मी बी. तुम्ही आधी."

"नकाशात न्हाई ते गाव," सर पुटपुटले.

"हायवेला हाये. सापडंल."

सर पुढं जाऊन बसले, पण किल्ली फिरवेनात. त्यांचा पंचा वाळलेलाच होता, पाणी संपलं होतं. शेवटी त्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, टपावरची माळ पुन्हा पेटली. काकू उठल्या, गोधडी सावरत पुढं आल्या आणि हात लांब करून त्यांनी पडदा बाजूला सारला, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अख्खा. गारवा पुढं गेला.

"राहू द्या उघडा," त्या म्हणाल्या. "मला गोधडी हाये आता."